‘आढळत नाही’ असे लिहिण्यापूर्वी

गेल्या वर्षी एका स्मरणिकेसाठी मी नाशिक जिल्ह्यातल्या बारवांवर लेख लिहिला. चांदवडच्या रंगमहालापासून सुरुवात करून खेड्यापाड्यांतल्या, आता झुडपांनी भरलेल्या बारवांपर्यंत आलो होतो. लेखात एक वाक्य असे होते : ‘पायऱ्यांची विहीर हा शब्दप्रयोग इंग्रजी शब्दाचे अलीकडचे भाषांतर असून जुन्या मराठी मजकुरात तो आढळत नाही.’ हे वाक्य लिहिताना मला थोडा अभिमानही वाटला होता. कारण मी ते ऐकीव माहितीवर लिहिले नव्हते. आंतरजालावरून उतरवून घेतलेल्या शे-सव्वाशे मराठी पुस्तकांच्या आणि लेखांच्या मजकुरात मी स्वतः, माझ्या छोट्याशा प्रोग्रामने तो शब्द शोधला होता आणि उत्तर आले होते शून्य.

दोन महिन्यांनी निफाडकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, ‘माझी आजी निरक्षर होती. तिने इंग्रजीचे भाषांतर करून हा शब्द तयार केला असेल असे वाटत नाही. ती आमच्या मळ्यातल्या विहिरीला पायऱ्यांची विहीरच म्हणायची. आपण नीट शोधलेले दिसत नाही.’ सोबत एका जुन्या प्रवासवर्णनातल्या पानाची छापील प्रत जोडली होती आणि त्यात हा शब्द दोनदा अधोरेखित केला होता.

गंमत अशी की ते प्रवासवर्णन माझ्या संग्रहात होते. मी फाइल उघडली. शब्द समोर होता, दोनदा, ठसठशीत. कन्सोलला पुन्हा विचारले. उत्तर : शून्य.

हा लेख त्या शून्याविषयी आहे. पण तिथवर पोचण्याआधी हा कन्सोल काय असतो आणि माझ्यासारखा माणूस त्याच्या नादी कसा लागला, ते सांगावे लागेल.

मी संगणकाचा शिकलेला माणूस नाही. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरचे हिशेब ठेवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तिथे एक जुना संगणक होता. काळा पडदा, वर लुकलुकणारी रेघ. मालाचा नंबर टाइप केला की शिल्लक किती ते खाली उमटायचे. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. विचारा आणि उत्तर घ्या. कन्सोल म्हणजे हेच. आजच्या प्रत्येक संगणकात रंगीत खिडक्यांच्या मागे ही काळी खिडकी अजून आहे. तिच्यात पायथनसारखी एखादी प्रोग्रामिंगची भाषा सुरू केली, की एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा, संगणक तेवढेच करून पुढच्या ओळीची वाट पाहत बसतो. पन्नाशी जवळ आल्यावर मी हे पुन्हा शिकलो, आणि मुलाने हसत का होईना, पण सुरुवातीला मदत केली.

नव्या पिढीला वाटते की आंतरजाल म्हणजे ब्राउझर. इतिहास उलटा आहे. जालावरचा शोध जन्मला तोच काळ्या पडद्यावर. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज या विद्यार्थ्याने ‘आर्ची’ नावाचा शोधक लिहिला, तेव्हा आज आपण ज्याला वेब म्हणतो ते लोकांपर्यंत पोचलेलेही नव्हते. जगभरच्या संगणकांवर कोणत्या फाइली आहेत त्यांची यादी आर्ची करून ठेवायचा. त्याला प्रश्न विचारायचा तो दूरच्या संगणकाला जोडून, एका ओळीत. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हाही स्वस्तातली जोडणी होती ती ‘शेल अकाउंट’ नावाची. तिच्यात फक्त अक्षरे यायची. लिंक्स नावाचा अक्षरी ब्राउझर वापरून लोक पाने वाचायचे. चित्र असेल तिथे चौकटी कंसात ‘चित्र’ एवढाच शब्द दिसायचा. ज्यांनी तेव्हा मोडेमची किरकिर ऐकली आहे त्यांना मी सांगतो ते नवे वाटणार नाही. पुढे २००० च्या सुमारास ‘सर्फरॉ’ नावाचे एक साधन आले. शोधयंत्राचे पान न उघडता कन्सोलमधूनच एका ओळीत प्रश्न विचारायचा, ही त्यामागची कल्पना. ते मुळात लिहिणारा ज्युलियन असांज नंतर वेगळ्याच कारणांनी जगाला माहीत झाला.

आता, कन्सोलमधून विचारायचे म्हणजे नेमके काय होते? ब्राउझरच्या चौकटीत आपण ‘नाशिक’ लिहितो तेव्हा पडद्यामागे जे घडते तेच इथे उघड्यावर घडते. प्रश्न हा एक पत्ता असतो. सुरुवातीला संस्थेचे नाव, मग प्रश्नचिन्ह, मग ‘हा शब्द शोधा, अमुक स्वरूपात उत्तर द्या’ अशा सूचना एकापुढे एक. अडचण ही की पत्त्यात देवनागरी अक्षरे थेट जात नाहीत. पत्त्यांचे नियम रोमन अक्षरे आणि आकड्यांवर बेतलेले आहेत. म्हणून प्रत्येक अक्षराचे आधी तुकडे होतात.

हे तुकडे पाहण्यासारखे आहेत. यूनिकोड या जागतिक अक्षरसंचात देवनागरीसाठी सलग १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. भारतीय मानक म्हणून आधीपासून असलेल्या ‘इस्की’ संचाच्या क्रमावर त्या बेतल्या आहेत. ‘नाशिक’ या शब्दात आपल्याला अक्षरे तीन दिसतात; संगणकाला पाच दिसतात : न, काना, श, पहिली वेलांटी आणि क. वेलांटी आपण श च्या आधी काढतो, पण साठवताना ती श च्या नंतर येते, कारण आपण उच्चारतोही तशीच. साठवण्याची सर्वत्र रूढ पद्धत यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवता जेवता तिचा आराखडा केला. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे नाशिकला पंधरा. पत्त्यात पाठवताना प्रत्येक बाइटमागे टक्क्याचे चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरे लिहायची, म्हणून ‘न’ होतो %ई०%ए४%ए८, आणि ‘नाशिक’ हा पाच चिन्हांचा शब्द पंचेचाळीस चिन्हांची माळ होऊन तारेवरून जातो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ‘ई०’ ने सुरू होते आणि त्यानंतर ‘ए४’ किंवा ‘ए५’ असते. पत्त्याच्या जागी टक्क्यांची अशी रांग दिसली आणि तिच्यात ही जोडी पुन्हा पुन्हा आली, की समजावे, आत आपलीच भाषा बसली आहे. पायथनमध्ये ही माळ ओवण्याचे काम एका शब्दाच्या आज्ञेने होते, हाताने करावे लागत नाही.

पहिल्यांदा मी मराठी विकिपीडियाला असा प्रश्न पाठवला तो दिवस आठवतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि त्याला प्रोग्राममधून प्रश्न विचारण्याचे एक दार सर्वांना खुले आहे. नाव-नोंदणी नाही, पैसे नाहीत. ‘शोध’ ही कृती, शब्द, उत्तराचे स्वरूप, एवढे सांगितले की झाले. मी एंटर दाबला आणि पडदाभर उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे, पुन्हा उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे असा पाऊस पडला. मला वाटले बिघडले. बिघडले काही नव्हते. उत्तर मराठीतच होते; प्रत्येक अक्षर त्याच्या यूनिकोड क्रमांकाने लिहून पाठवलेले होते. ‘साध्या रूपात पाठवा’ अशी एक सूचना पत्त्याला जोडली की अक्षरे येतात. तशी आली तर विंडोजच्या काळ्या खिडकीत सगळे चौकोन. कारण ही खिडकी अक्षरांना समान रुंदीच्या घरांत बसवते आणि देवनागरीची जोडाक्षरे त्या घरांत मावत नाहीत. शेवटी उपाय केला तो हिशेबनीसाचा : उत्तर पडद्यावर न पाहता थेट फाइलीत उतरवायचे आणि साध्या नोटपॅडमध्ये वाचायचे. आजही मी तेच करतो.

उत्तरात काय असते? एकूण किती पानांत शब्द सापडला तो आकडा, त्यातल्या पहिल्या दहा पानांची नावे, आणि शब्दाच्या आजूबाजूचा मजकूर. पुढचे दहा हवे असतील तर ‘अकराव्यापासून द्या’ असे आपणच सांगायचे. जाहिरात नाही, ‘लोक हेही शोधतात’ नाही. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट : मी काय विचारले आणि काय मिळाले हे दोन्ही तारखेसह माझ्या फाइलीत राहते. शोधयंत्राच्या पानावर आज जे पहिल्या क्रमांकावर दिसते ते उद्या तिथे असेलच असे नाही, आणि माझ्या शेजाऱ्याला तेच दिसेल असेही नाही. संशोधनाच्या टिपणात ‘शोधले’ हा शब्द लिहायचा तर काय शोधले, कुठे शोधले, कधी शोधले हे सांगता आले पाहिजे.

इथे वाचकांचा एक गैरसमज दूर करतो. कन्सोलमधून ‘सगळे’ आंतरजाल शोधता येत नाही. सगळ्या जालाची सूची बनवण्याची ऐपत जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे आणि त्यांची दारे प्रोग्रामांसाठी कधी उघडी, कधी बंद असतात. गूगलने २००२ मध्ये असे एक दार उघडले होते, पुढे ते बंद केले. नंतर दुसरे उघडले ते दिवसाला ठरावीक प्रश्नांपुरते. कन्सोल घेऊन बसणाऱ्या माणसाने मोठ्या बाजाराचा नाद सोडावा आणि एकेका ग्रंथालयाचे दार वाजवावे. आमच्या सार्वजनिक वाचनालयात, ज्याला नाशिककर सावाना म्हणतात आणि जे १८४० पासून आहे, जुन्या सभासदांची एक सवय असे. काउंटरवर ‘काहीतरी चांगले द्या’ म्हणायचे नाही, सूचीत स्वतः बोट फिरवायचे. हे तसे आहे. विकिपीडिया, विकिस्रोत, इंटरनेट आर्काइव्ह, शिकागो विद्यापीठाने जालावर ठेवलेला मोल्सवर्थचा कोश, अशा प्रत्येकाची सूची वेगळी आणि विचारायची रीत वेगळी.

आणि प्रत्येकाची स्पेलिंगे वेगळी! इंटरनेट आर्काइव्हवर हजारो मराठी पुस्तके आहेत, त्यांतली पुष्कळशी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’च्या सरकारी स्कॅनिंगमधून आलेली. नावे बहुधा रोमन लिपीत आणि टंकणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. महात्मा फुल्यांचा शेतकऱ्यांवरचा १८८३ चा ग्रंथ शोधून पाहा. मराठीतच कुणी ‘असूड’ लिहितो, कुणी ‘आसूड’. रोमनमध्ये गेल्यावर तर किती रूपे होतील याचा हिशेबच नको. आमच्या गावाचे नावही घ्या. १८८३ चे जिल्हा गॅझेटिअर ‘नासिक’ म्हणते, जुनी मराठी पुस्तकेही बहुधा ‘नासिक’. आज आपण ‘नाशिक’. त्र्यंबक, त्रिंबक, त्र्यम्बक, त्रंबक ही एकाच गावाची चार रूपे. ब्राउझरमध्ये चार वेळा चार शब्द टाइप करून कंटाळा येतो आणि माणूस तिसऱ्यावर थांबतो. कन्सोलमध्ये चारही रूपांची यादी एकदाच लिहायची, प्रोग्राम एकेक घेऊन विचारतो आणि उत्तरे एकत्र करून देतो. कंटाळा त्याला येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पण तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, हा त्याचा दुसरा गुण म्हणा की दुर्गुण. विकिडेटा म्हणून २०१२ पासून एक प्रकल्प आहे, त्यात जगातल्या माणसांची, गावांची, पुस्तकांची माहिती तक्त्यांच्या रूपात आहे. प्रत्येक संबंधाला क्रमांक आहे : जन्मस्थळ म्हणजे पी १९, मृत्युस्थळ म्हणजे पी २०, वास्तव्य म्हणजे पी ५५१. मी मोठ्या उत्साहाने विचारायला बसलो : नाशिक हे जन्मस्थळ असलेले मराठी लेखक-कलावंत सांगा. प्रश्न पाठवण्याआधीच माझ्या लक्षात आले की हा प्रश्न नाशिकवर अन्याय करणारा आहे. कुसुमाग्रज जन्मले पुण्यात, १९१२ मध्ये. वसंत कानेटकर रहिमतपूरचे. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले. सावरकर भगूरचे. बाबुराव बागूल विहितगावचे. जन्मस्थळापुढे नेमके गाव लिहिलेले असेल, तर ‘नाशिक’ म्हटल्यावर यांच्यातले कुणीच पुढे येणार नाही. त्र्यंबक, भगूर, विहितगाव ही नाशिक जिल्ह्यात मोडतात हे संगणकाला वेगळे सांगावे लागते, आणि तेवढी सोय त्या तक्त्यांत आहे. पुण्याच्या आणि रहिमतपूरच्या माणसांसाठी मात्र वास्तव्य विचारायला हवे. मृत्युस्थळ विचारले तर फाळके आणि कुसुमाग्रज दोघेही नाशिकचे ठरतात. आमच्या गावाची ओळख कदाचित इथे जन्मलेल्यांपेक्षा इथे येऊन राहिलेल्यांनी जास्त घडवली. हे मला आधीही माहीत होते, पण प्रश्न लिहिताना ते नीट उमगले.

आता त्या शून्याकडे.

शिक्षिकाबाईंचे पत्र आल्यावर मी त्या प्रवासवर्णनातला ‘पायऱ्या’ शब्द फाइलीतून उचलला आणि पायथनला विचारले, यात चिन्हे किती? उत्तर आले, आठ. मग मी माझ्या कळफलकावरून तोच शब्द टाइप केला आणि विचारले. उत्तर आले, सात. डोळ्यांना दोन्ही सारखे, अगदी मात्रेचाही फरक नाही. पण एकात एक चिन्ह जास्त. मग प्रत्येक चिन्हाचे नाव छापून घेतले. माझ्या शब्दात प, काना, य, मग ‘ऱ’ म्हणजे खाली नुक्ता असलेला र, हलन्ताचे चिन्ह, य आणि काना. प्रवासवर्णनात नुक्तावाला ऱ नव्हता. तिथे साधा र, हलन्त, मग एक अदृश्य चिन्ह, मग य आणि काना.

हे अदृश्य चिन्ह म्हणजे यूनिकोडचा ‘शून्य रुंदीचा जोडक’. कागदावर त्याला जागा लागत नाही, पण शेजारच्या अक्षराचा आकार ते बदलते. मराठीत साधा र आणि य जोडला की र वर जातो, रफार होतो : दर्या, आचार्य. पण दरीचे अनेकवचन दऱ्या, आणि आचारी या शब्दाचे सामान्यरूप आचाऱ्या. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत पंगतीच्या दृष्टीने फार अंतर आहे. हा आडवा, पापणीच्या केसासारखा दिसणारा अर्धा र हिंदी लेखनात लागत नाही. मराठीला तो पावलोपावली लागतो. यूनिकोडने त्यासाठी नुक्तावाला ऱ ठरवून दिला, इस्कीशी जुळवून. पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत साधा र आणि जोडक ही रीत होती, तिच्याशी मेळ राहावा म्हणून तीही वैध ठेवली. म्हणून कुणाच्या कळफलकावरून एक रूप उमटते, कुणाच्या दुसरे. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबला की ऱ येतो. उच्चारानुसारी टंकनाच्या काही जुन्या साधनांत जोडक यायचा. वाचणाऱ्याला फरक पडत नाही. शोधणाऱ्याला पडतो.

शंभर रूपांना एका साच्यात आणण्यासाठी यूनिकोडने ‘सामान्यीकरण’ म्हणून एक रीत दिली आहे आणि पायथनमध्ये ती तयार मिळते. मी ती लावून पाहिली. र आणि वेगळा नुक्ता असे सुटे लिहिलेले असेल तर ती त्याचा एकसंध ऱ करते. जोडकाच्या रूपाला मात्र हात लावत नाही, कारण यूनिकोडच्या लेखी ती दोन रूपे एक नाहीत. हाच घोळ ‘ॲ’ चा. ‘ॲक्ट’, ‘ॲडव्होकेट’ यांतले हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून यूनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहीत, अजूनही पुष्कळ लिहितात. सामान्यीकरणाने ही दोन रूपेही एक होत नाहीत. मोठी शोधयंत्रे हे आतल्या आत कधी जुळवून घेतात, कधी नाही. आपल्याला सांगत मात्र नाहीत. माझ्या प्रोग्रामात जुळवणारा मीच होतो आणि मला हे ठाऊकच नव्हते.

मराठीसाठी शोधताना आणखी एक अडचण, जी इंग्रजीच्या माणसाला एवढी जाणवत नाही. आपला शब्द स्थिर राहत नाही. पायरी, पायरीला, पायऱ्या, पायऱ्यांवरून, पायऱ्यापायऱ्यांनी. म्हणून पूर्ण शब्द न शोधता नमुना शोधावा लागतो. मी लिहिला तो असा : आधी ‘पाय’, आणि त्यानंतर र किंवा ऱ, यांपैकी काहीही. एवढ्या छोट्या नमुन्यात सगळी रूपे येतात. जोडकाचे रूप येते, सुटा नुक्ता येतो, आणि ज्यांनी चुकून रफार देऊन ‘पायर्या’ लिहिले आहे तेही येतात. विकिपीडियाच्या शोधालाही असा नमुना देता येतो. अर्थात नको ते पाहुणेही येतात. माझ्या यादीत एका कथेतला ‘पायरव’ आला, आणि पायरी आंब्याने तर पाने भरली. हापूस की पायरी या वादावर मराठीत इतके लिहिले गेले आहे हे मला माहीत नव्हते. एक सबंध संध्याकाळ आंबे बाजूला काढण्यात गेली.

आंबे काढल्यावर जे उरले त्यात ‘पायऱ्यांची विहीर’ त्या प्रवासवर्णनाखेरीज आणखी चार ठिकाणी होते. चारही ठिकाणी जोडक. म्हणजे आधी मी जे शून्य मिळवले ते भाषेविषयी काही सांगत नव्हते. माझ्या कळफलकाविषयी सांगत होते. आणि मी ते एका निरक्षर बाईच्या बोलीविरुद्ध पुरावा म्हणून छापले होते. ही गोष्ट मला अजून टोचते. ग्रंथालयात पाने उलटून ‘आढळले नाही’ लिहिणारा जुना संशोधक निदान आपले डोळे थकले असतील असे मनात धरायचा. यंत्राच्या शून्यापुढे मला तशी शंकाच आली नव्हती.

स्मरणिकेच्या पुढच्या अंकात खुलासा छापून घेतला. आता माझ्या वहीत ‘आढळत नाही’ या शब्दांपुढे चार गोष्टी लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही : कोणत्या दारी विचारले, कोणता नमुना, कोणती तारीख, आणि ज्यात शोधले तो मजकूर होता की चित्र. या शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते. जालावरची बहुतेक जुनी मराठी पुस्तके म्हणजे पानांची छायाचित्रे. त्यांत अक्षर नाही, अक्षराचे चित्र आहे, आणि कोणताही नमुना चित्रात शोधता येत नाही. चित्रातून अक्षरे काढणारे टेसरॅक्ट नावाचे साधन फुकट मिळते. १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये त्याचे काम सुरू झाले, २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले, मराठीही ओळखते. कन्सोलमधून एका ओळीत चालते. स्वच्छ छपाई असेल तर समाधान होते. जुने खिळे, पुसट शाई, वाळवीची भोके असतील तर घ चा ध होतो, भ चा म होतो आणि रफार तर हमखास गळतो. त्यामुळे अशा मजकुरातले शून्य मी पुराव्यात धरतच नाही.

कुणा वाचकाला हे करून पाहावेसे वाटले तर एक विनंती आहे. कन्सोल एका सेकंदात शंभर प्रश्न पाठवू शकतो म्हणून पाठवू नयेत. ही दारे बहुतेक देणग्यांवर चालतात. विकिमीडियाचा नियम आहे की प्रश्न पाठवणाऱ्या प्रोग्रामने आपली ओळख आणि संपर्क सांगावा. निनावी आलात तर दार लावले जाऊ शकते. मी दोन प्रश्नांत दोन सेकंद थांबतो. एकदा घाईत ती ओळ विसरलो, तर ४२९ हा आकडा परत आला. त्याचा अर्थ, फार प्रश्न विचारलेत, जरा थांबा. चहा करून आलो, मग दार उघडले. एकदा आणलेले पान जपून ठेवावे, पुन्हा पुन्हा मागू नये. आणि एखादा जुना मराठी संकेतस्थळाचा पत्ता मेलेला असेल तर इंटरनेट आर्काइव्हला त्या पत्त्याच्या जपलेल्या प्रती विचाराव्यात. ते प्रत्येक प्रतीपुढे चौदा आकडी वेळ देते, वर्षापासून सेकंदापर्यंत. मात्र तिथे हाती लागलेल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या पानांवर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर दचकू नये. तेव्हा श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांची चलती होती. आत रोमन अक्षरे साठवलेली, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा. त्या मजकुराला यूनिकोडमध्ये आणल्याशिवाय ‘पायरी’ तिथे कधीच सापडणार नाही, र कसाही लिहा.

खुलासा छापल्यावर मी त्याची एक प्रत निफाडला पाठवली आणि सोबत या सगळ्या भानगडीचा वृत्तान्तही, जरा सोप्या भाषेत. आठ दिवसांत उत्तर आले. बाईंनी जोडकाची गंमत शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगितली होती. शेवटी लिहिले होते, ‘आजी तिला कधी कधी पायविहीरही म्हणायची. हाही शब्द एकदा पाहाल का?’

पाय, आणि त्यानंतर र किंवा ऱ. माझ्या नमुन्यात ‘पायविहीर’ बसत नव्हती. मी नमुना बदलला, विहीर ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही वेलांट्यांनी लिहिली, आणि पुन्हा पहिल्या फाइलीपासून सुरुवात केली.